बिल्ल्याच्या भोकातली माती

सुदाम, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले आणि तेवढ्यात तुझ्या नावावर मी नऊ थापा मारून मोकळा झालो. मोजल्यात. तू असतास तर म्हणाला असतास, "नऊच? तब्येत बरी नाय का रं, वश्या?"

त्यातली सगळ्यात मोठी मी विहारात मारली, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माईकवर. कुणी तुझ्या नोकरीबद्दल बोललं, कुणी तुझ्या शिस्तीबद्दल. माझी पाळी आली. मी म्हटलं, सुदामचे डोळे बांधून हातात नाणं दिलं, तर तो नुसत्या वासावरून साल सांगायचा, आणि कधी साल चुकलंच तरी महिना चुकायचा नाही. लोक हसले. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मी खाली बसलो, चहा प्यायलो, आणि सवयीनं मांडवाच्या गाठी कुणी मारल्यात ते बघत राहिलो. चुकीच्या होत्या. वारा आला असता तर तुझा फोटो, भन्तेजी आणि अर्धी खोपोली घेऊन तो मांडव थेट पेणला उतरला असता.

मी रडलो नाही. मला ते जमत नाही. चाळीस वर्षं मांडवाचा धंदा केला. नवरीची आई पुढच्या दारात हुंदके देत असते, तेव्हा आम्ही मागच्या बाजूनं कनाती सोडायला लागलेलो असतो. तसंच आहे माझं. कुणी गेलं की मी आपला दोऱ्या गुंडाळत बसतो.

पण त्या दिवशी प्रज्ञानं माझ्या हातात एक काम दिलं आणि दोरी गुंतली. तुझी मुलगी म्हणून सांगतो असं नाही, पण पोरगी तुझ्यासारखीच आहे, एकही शब्द वाया घालवत नाही. म्हणाली, "काका, बाबांची नाणी आणि बिल्ले विहाराच्या वाचनालयात काचेच्या कपाटात लावायचेत. पाकिटांवरचं सगळं नीट अक्षरात कार्डांवर उतरवून द्याल? बाबांच्या पेन्सिलीचं आता वाचता येत नाही. तुमचं अक्षर चांगलंय."

अक्षर चांगलं असणारच. थर्माकोलच्या बोर्डावर 'शुभविवाह' लिहून लिहून हात बसलाय. मी हो म्हटलं. आणि हो म्हणताक्षणी आठवलं, त्या पाकिटांत एक पाकीट माझ्या बिल्ल्याचं होतं. त्याच्यावर तू काय लिहिलं असशील ते मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ठाऊक नव्हतं, आणि अकरा वर्षं मी ते विचारलं नव्हतं.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा नीट सांगून बघायचंय, थापेशिवाय. जमतंय का बघू.

आपली गाठ पडली हमीदभाईच्या भांड्यांच्या दुकानात. जुनी तांब्या-पितळेची मोड घेऊन नवी भांडी देणारा माणूस. मोडीची पोती आटणीवर वितळायला जायच्या आधी तो ती मागच्या पडवीत ओतायचा, आणि त्यात फुटक्या घंगाळांबरोबर, तोंड चेपलेल्या तांब्यांबरोबर कधीमधी जुने पैसे निघायचे. मी लग्नाची पातेली घ्यायला आलेलो. ढिगात एक जाडजूड तांब्याचा ढब्बू पैसा दिसला. मी हात घातला, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं एक हात आला. तुझा. लोकांना मी सांगतो की आपण दोघांनी तो पैसा इतका ओढला की तो लांबट झाला. खरं एवढंच की तू हात मागे घेतलास आणि म्हणालास, "तुमी घ्या. पण कुठून आला ते हमीदभाईला इचारून घ्या."

मी म्हटलं, "कुठून आला त्यानं काय फरक पडतो? पैसा तो पैसा."

हमीदभाई ताजव्यामागून म्हणाला, "वसंतशेठ, ह्यांच्या नादी लागू नका. मागल्या वेळी ह्यांनी मला एका पैशापायी तीन गावं फिरवलं. कुठल्या बाईनं मोड दिली ते शोधायला."

"मिळाली का बाई?"

"मिळाली," तू म्हणालास. "वावोशीची. तिच्या सासूच्या बटव्यातला पैसा. आता त्याला घर हाय."

पैशाला घर! मी तेव्हा ठरवलं की हा माणूस वेडा आहे आणि ह्याला सोडायचं नाही.

तुझी रीत मला पुढं कळली. वीजघरात तू जन्मभर तासातासाला मीटरचे काटे बघून नोंदवहीत आकडे लिहिलेस. काटा जिथं असेल तोच आकडा. मागच्या तासाला इतका होता म्हणून आता इतका असेल, असं लिहायचं नाही. काच धुरकट असेल, काटा दिसत नसेल, तर जागा कोरी सोडायची आणि शेऱ्यात लिहायचं, दिसला नाही. नोकरी संपली, तरी ती नोंदवही तुझ्या अंगातून निघाली नाही. प्रत्येक नाण्याला खाकी कागदाचं हातानं चिकटवलेलं पाकीट. पाकिटावर शिसपेन्सिलीनं चार ओळी. कुठे. कोणाकडून. कधी. शेरा. बस्स. नाणं कुणाच्या राजवटीतलं, किती जुनं, दुर्मिळ की नाही, ह्यातलं काही नाही. "ते पुस्तकात हाय," तू म्हणायचास. "हा कुठून आला, ते फक्त माझ्याकडं हाय."

मी मात्र नाणं हातात आलं की त्याला गोष्ट जोडायचो. कंपनी सरकारचा तो तराजूचा पाव आणा आठवतोय? दोन पारडी, आणि मधे फारसी अक्षरं. हमीदभाईनं चष्मा लावून वाचून दाखवलं होतं, 'अदल', म्हणजे न्याय. मी लगेच सुरू, की हा पैसा खालापूरच्या एका म्हातारीनं कचेरीच्या पायरीवर आपटला आणि साहेबाला म्हणाली, न्याय पैशावर छापलास, आता देऊन दाखव! साहेबाची टोपी उडाली, ती बोरघाटात जाऊन पडली. तू सगळं ऐकलंस. मग पाकिटावर लिहिलंस, "कुठे: चौक बाजार. कोणाकडून: बांगडीवाली. शेरा: एक पारडं झिजलेलं."

"आणि म्हातारी?" मी विचारलं.

"ती तू बघितलीस का?"

"नाय."

"मंग."

हे आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, गोष्टीशिवाय पैसा म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा. तुझं म्हणणं, खोट्या गोष्टीनं तुकडासुद्धा हातचा जातो. ह्या एका मुद्द्यावर आपण इतका चहा प्यालो की पाताळगंगेला पूर आला असता. (ही दहावी. सवय आहे, माफ कर.)

चिंचेचा प्रकार तर तू कधी विसरला नाहीस. नव्यानंच छंद लागलेला, उत्साह उतू जात होता. माझ्याकडची शिवराई काळीकुट्ट. मी ती चिंचेच्या कोळात रात्रभर भिजवली, राखेनं घासली आणि सोन्यासारखी चकचकीत करून तुझ्यापुढं ठेवली. तू ती उचललीही नाहीस. नुसता बघत राहिलास, एखाद्याच्या डोक्यावरचे केस बळजबरीनं काढल्यावर बघावं तसा.

"काय केलंस हे?"

"आंघोळ घातली."

"वश्या, दोन-अडीचशे वरसं तिनं अंगावर जमवलं होतं, ते तू एका रात्रीत धुतलंस. आता ही कुटं होती, मातीत की बटव्यात, ती काय सांगणार नाय. तू तिची जीभ कापलीस, भल्या माणसा."

त्या दिवसापासून तू मला शिकवायला लागलास. पाण्यात राहिलेलं पितळ कसं काळपट होतं, जमिनीत राहिलेल्या तांब्यावर हिरवं कसं येतं, खाचेत, भोकात जी माती बसते ती काढायची का नाही. "माती हाच दाखला," म्हणायचास. मी मान डोलवायचो. ऐकलं होतं सगळं. पण ऐकणं आणि लक्षात राहणं ह्यांच्यात माझ्या बाबतीत कर्जत ते खोपोली एवढं अंतर असतं, आणि मधली गाडी बहुधा रद्द.

आता त्या बिल्ल्याकडे येतो. टाळत होतो, ते तुला कळलंच असेल.

दहा वर्षं झाली होती छंदाला. तुझ्याकडं तू स्वतः शोधलेलं कितीतरी होतं. नांगरटीनंतरच्या शेतातून, पडक्या विहिरीच्या गाळातून, गाढी नदीच्या काठावरून. माझं सगळं विकत आणलेलं. लोकांपुढं मी तुझ्याहून दहापट बोलायचो आणि मनातून मला माहीत असायचं की मी ह्या मातीतून आजवर एक खिळासुद्धा उचललेला नाही. ते सलत होतं. साध्या मत्सरानं सलत होतं, त्याला दुसरं नाव नाही.

तेव्हा मुंबईला कामासाठी गेलो असताना, जुन्या बाजारातल्या फुटपाथवर, पितळी नळांच्या ढिगात मला तो बिल्ला दिसला. रुपयाएवढा गोल, वर भोक, मधे इंग्रजी आकडे, ४१७. विकणारा म्हणाला, "मिल का है, कौन सी मिल मत पूछो." कामगाराच्या गळ्यात किंवा कमरेला असायचा तसला बिल्ला. मी घेतला. आणि परतीच्या वाटेवर, कर्जत जवळ आल्यावर डब्याच्या खिडकीतून घाट दिसायला लागला तेव्हा, माझ्या डोक्यात गोष्ट उगवली. हा गिरणीचा कशाला? घाटात रुळांचं काम चाललं होतं तेव्हाच्या मजुराचा. ओढ्यात पडलेला. आणि तो मला सापडला. मला!

घरी येऊन तुळशीच्या कुंडीतली माती ओली केली, बिल्ल्याला फासली, भोकात बोटानं दाबून बसवली, दोन दिवस पत्र्यावर वाळवली. माझ्या मते काम असं झालं होतं की खुद्द तो मजूर आला असता तर "माझा बिल्ला द्या" म्हणून भांडला असता.

तुझ्या हातात दिला. सांगितलं, घाटाखालच्या ओढ्यात मिळाला, मोठ्या उंबराच्या खाली, पाय धुवायला उतरलो होतो. तू बिल्ला उजेडात धरलास. नखानं भोकातली माती जराशी कोरलीस. अंगठ्यावर घेतलीस. बराच वेळ बघितलीस. मला वाटलं, आता हा म्हणणार की वश्या, जिंकलास.

तू म्हणालास, "उंबर कुठला? दाखव चल रविवारी."

झालं. पुढचे सात हिवाळे, पाऊस सरून ओढ्याचं पाणी उतरलं की दर रविवारी, तू आणि मी. मी भिसेगावच्या घरून टेंपो काढायचो, तुला खोपोलीहून घ्यायचो, आणि आपण त्या ओढ्यात वाकून दगड उलटे करत फिरायचो. तुझ्याकडं चाळणी, खुरपं, गळ्यात पाण्याची बाटली. माझ्याकडं वहिनींनी दिलेल्या भाकऱ्या, ज्या मी पहिल्याच वळणावर संपवायचो. पहिल्या रविवारी मला घाम फुटला होता. वाटलं, दोन-तीन फेऱ्यांत कंटाळेल. तू कंटाळला नाहीस. ओढ्याचा एक एक हात तू चाळलास. मला दर रविवारी वाटायचं, आज सांगावं. आणि दर रविवारी सकाळ अशी छान असायची, ऊन पाण्यावर, तू गुडघाभर ओढ्यात उभा राहून मला शिव्या देतोयस, की मी सांगायचं पुढच्या रविवारवर ढकलायचो. एक माणूस माझ्या थापेपायी सात वर्षं वाळू चाळतोय ह्याची लाज वाटायची. आणि त्या थापेनंच मला इतके रविवार मिळाले ह्याचं बरंही वाटायचं. दोन्ही खरं आहे. ह्यातलं एक खोडून लिहिता येत नाही.

मग पाचव्या हिवाळ्यात तो रविवार आला. मी दगडावर बसून कांदा फोडत होतो. तू उंबराखालच्या डोहाच्या कडेला वाकला होतास. म्हणालास, "वश्या, इकडं ये रं."

आवाज साधाच होता. म्हणून मी कांदा खाऊन मगच उठलो.

तुझ्या तळव्यावर पितळेचा गोल तुकडा. काळपट पडलेला, कडेला थोडा चेपलेला, वर भोक. मधे एक आकडा, सहा, आणि त्याच्यापुढचं झिजून गेलेलं. भोकात ओढ्याची काळी वाळू घट्ट बसलेली. मी बघतच राहिलो.

"कसला हाय?" तू विचारलंस.

"बिल्ला," मी म्हटलं.

"तुझ्यासारखाच."

"हं."

"तुझ्या उंबराखाली."

"हं."

आयुष्यात मी एवढं कमी कधी बोललो नव्हतो. कारण तिथं काही नव्हतं, सुदाम! तिथं काही असणं शक्यच नव्हतं. ती जागा मी डब्याच्या खिडकीत बसून तयार केली होती, उंबरासकट. उंबर पुढं खरंच निघाला तो तिथल्या जमिनीचा चांगुलपणा. आणि त्या खोट्या उंबराखाली तुला खरा बिल्ला मिळतो?

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. तूच तो टाकलास. तुला माझी थाप कळली, तू कुठूनतरी बिल्ला पैदा केलास, आणि माझ्यासमोर काढून दाखवलास, बघू हा काय करतो म्हणून. माझ्यावरची कडी. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, की एवढ्या वर्षांत हा माणूस एकतरी थाप शिकला.

पण विचारू कसं? "तूच टाकलास ना?" असं म्हटलं की पुढचा प्रश्न तुझा, "तुला कसं कळलं की तिथं काय नव्हतं?" माझ्या घशात अडकलेला तो एकच प्रश्न, आणि तो बाहेर काढायचा तर आधी माझी थाप बाहेर काढावी लागत होती. तेव्हा मी गप्प बसलो. आणि बाहेर मात्र सुटलो! कर्जतपासून शेलूपर्यंत ज्या ज्या मांडवात गेलो, तिथं मी त्या ओढ्याची गोष्ट सांगितली. पहिला बिल्ला मी काढला, दुसरा सुदामनं. ओढा माझा शोध. लोक माना डोलवायचे. हमीदभाई तेवढा म्हणायचा, "सुदाम बोलेल तेव्हा मानीन."

तू कधी बोलला नाहीस. ना हो, ना नाही.

शेवटची भेट मी रोज आठवतो, त्यात विशेष काही नसताना. तुझ्या ओट्यावर बसलो होतो. तुला धाप लागत होती, बोलताना मधे थांबत होतास. पाकिटांचा स्टीलचा डबा मांडीवर. एकदम म्हणालास, "वश्या, तुझ्या बिल्ल्याचं पाकीट पुरं करायचं राहिलंय."

"अजून? काय राहिलंय?"

"एक जागा."

तू माझ्याकडं बघत होतास. पेन्सिल हातात होती, टोक केलेली. आता कळतं की ते दार होतं, सताड उघडं, आणि मला नुसतं आत यायचं होतं. मी काय केलं? मी तुला गोष्ट सांगितली. कर्जतला एका लग्नात नवरदेवाचा घोडा स्टेजवर चढला आणि आहेर घेऊनच उतरला, ती. तू हसलास. खोकलास. पुन्हा हसलास. मग पेन्सिल डब्यात ठेवलीस आणि झाकण लावलंस.

"पुढच्या रविवारी," तू म्हणालास.

त्या रविवारी तू नव्हतास.

काल सकाळी मी डबा घ्यायला खोपोलीला गेलो. वहिनींनी चहा ठेवला, साखर न घालता. मी तोंड वाकडं केलं.

"भावजी, तुम्हाला साखर चालत नाय, मला काय म्हाईत नाय का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. दर रविवारी त्या ओढ्यात काय ठेवलंय म्हणून मी कटकट करायची. तर म्हणायचे, वश्याची साखर वाढलीय, डॉक्टरनं चालायला सांगितलंय, नुसतं चाल म्हटलं तर चालायचा नाय. वाळूत काय हुडकायचंय म्हटलं की चार मैल चालतो."

मी कप खाली ठेवला. सात हिवाळे मी समजत होतो की मी ह्याला फिरवतोय.

डबा तिथंच ओट्यावर उघडला. प्रज्ञा शेजारी बसली, कोरी कार्डं घेऊन. पाकिटं ओळीनं लावलेली. मी आधी तुझ्या बिल्ल्याचं शोधलं, सहाच्या आकड्याचं. तू पाकिटावर खोटं लिहू शकत नाहीस. तू टाकला असशील तर ते तिथं असणार. शिसपेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता आलं:

"कुठे: ओढा, उंबराखालचा डोह, वाळूत वीतभर खाली. कोणाकडून: स्वतः काढला. शेरा: आकडा ६, पुढचा दिसत नाही. भोकात माती काळी. वसंता हजर होता. त्याला खरं वाटलं नाही."

मी हसलो. इतक्या मोठ्यानं, की शेजारची बाई खिडकीत आली. प्रज्ञाला वाटलं मी रडतोय. काय झालं म्हणून ती माझा दंड धरून बसली. काही झालं नव्हतं गं, एवढंच की तो बिल्ला खरा होता. माझ्या थापेच्या खाली, वीतभर खाली, खरोखर एक बिल्ला इतकी वर्षं पडून होता, आणि तो दिसला तेव्हा त्याच्यावर विश्वास न ठेवणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच होतो.

मग माझं पाकीट. ४१७.

"कुठे:" आणि पुढं काही नाही. कोरी जागा. अकरा वर्षं कोरी. "कोणाकडून: वसंता." तारीख. आणि शेरा: "भोकात माती तांबडी."

आत, बिल्ल्याबरोबर, कागदाची एक बारीक पुडी. पुडीत चिमूटभर तांबडी माती. माझ्या तुळशीची. त्या दिवशी नखानं कोरलेली, अंगठ्यावर घेतलेली. ओढ्यात सगळी काळी वाळू, आणि माझ्या बिल्ल्याच्या भोकात अंगणातली तांबडी माती. तुला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. तू मला खोटारडा म्हणाला नाहीस, पाकिटावरही नाही. जे दिसलं ते लिहिलंस, आणि जे दिसलं नाही त्याची जागा सोडलीस. जागा माझी होती. भरायची मी होती.

प्रज्ञानं कोरी जागा बघितली. "काका, इथं ओढा लिहायचं ना? तुम्ही तर नेहमी सांगता."

तेवढ्यात हमीदभाई आला, वहिनींना भेटायला. तोही म्हणाला, "हो, लिहा की. सगळ्या मुलखाला पाठ आहे तुमचा ओढा."

कुणी ओळखलं नसतं, सुदाम. दोन कार्डं शेजारी शेजारी, दोन्हींवर तोच ओढा, दोन्हींवर तोच उंबर, आणि वाचनालयात येणारा प्रत्येक माणूस म्हणाला असता, पहिला वसंतानं काढला बरं का. फक्त त्यात एक अडचण होती. माझं कार्ड खोटं ठेवलं असतं तर शेजारचं तुझं खरं कार्डसुद्धा माझ्या थापेची शेपटी झालं असतं. तू पाठ मोडून काढलेला बिल्ला माझ्या गोष्टीत बुडाला असता. तू म्हणायचास ना, खोट्या गोष्टीनं तुकडासुद्धा हातचा जातो. हे भांडण तू जिंकलास. आता चहा मी पाजायला हवा होता.

मी दोघांना सांगितलं. फुटपाथ, पितळी नळांचा ढीग, तुळशीची कुंडी, पत्र्यावर वाळवणं, सगळं. हमीदभाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वसंतशेठ, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी थाप. कुंडीचं तर फारच झकास."

"हमीदभाई, हे खरंय."

"असंच म्हणता तुम्ही दर वेळी."

प्रज्ञानं पुडी उघडली, माती अंगठ्यावर घेतली, बापासारखीच बघितली. मग उठून ओट्याखाली गेली आणि वहिनींच्या तुळशीतली चिमूटभर माती घेऊन आली. दोन्ही अंगठे शेजारी धरले. सारखाच तांबडा रंग. हमीदभाईनं चष्मा लावला. मग त्यानं चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "अदल."

डब्यातली पेन्सिल तशीच होती, तू टोक केलेली. कार्ड मी शाईनं लिहीन, चांगल्या अक्षरात. पण आधी पाकीट. पाकिटावर शाई चालत नाही, हे तू मला चिंचेच्या आठवड्यातच सांगितलं होतंस.

"कुठे:" पुढं लिहिलं, "मुंबई, फुटपाथवर, पितळी नळांच्या ढिगात. ओढा खोटा." जागा पुरली. तू ती माझ्या मानानं मोठीच सोडली होतीस.

शेऱ्याखाली अजून एक ओळ बसत होती. माझ्या डोक्यात बऱ्याच ओळी आल्या. एकीत तू विजेच्या तारेवरून चालत येत होतास. पण तुझी पेन्सिल हातात होती, आणि तिच्यातून तसलं काही उतरेना. तेव्हा तुझ्या रीतीनं, जे दिसत होतं तेवढंच लिहिलं.

"वसंतानं आज सांगितलं. सुदाम हजर नव्हता."